नव्या शहरात घर शोधताना



मे महिना सरू लागला की आमच्या हर्सूलच्या गल्ल्यांत सामानाचे टेम्पो दिसू लागतात. लोखंडी कपाट, गाद्यांच्या वळकट्या, पाण्याचे पिंप, शिलाई मशीन आणि सर्वांत वर दोरीने आवळलेली मुलाची सायकल. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी बिऱ्हाड लागले पाहिजे, म्हणून ही घाई. जळगाव रस्त्यावरचे हर्सूल हे शहराचे उत्तरेकडचे दार. फुलंब्री, सिल्लोड, भोकरदनकडून येणारी कुटुंबे आधी इथेच थबकतात आणि मग विचारू लागतात, राहावे कुठे?

मागच्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर भोकरदन तालुक्यातले एक गृहस्थ थांबले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना काम मिळाले होते आणि मुलगी यंदा अकरावीला जाणार होती. त्यांनी तीन ठिकाणे पाहून ठेवली होती. पहिली, किराडपुऱ्याच्या बाजूला एका चिंचोळ्या गल्लीतली खोली. तिथे त्यांच्या गावची पाच-सहा घरे होती आणि मशीद दारात. दुसरी, हर्सूलच्या पलीकडे एक गुंठा जागा, वर पत्र्याच्या दोन खोल्या, किंमत कमी आणि व्यवहार "बॉण्डवर". तिसरे, हर्सूलमध्येच एका कॉलनीत भाड्याचे घर. गल्लीत मुसलमानांची चार घरे, बाकी मराठा, बौद्ध आणि एक मारवाडी कुटुंब. मशीद पायी वीस मिनिटांवर. ते म्हणाले, "मौलाना, इस्तिखारा करून तुम्हीच सांगा."

मी नम्रपणे नकार दिला. ह. जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांना इस्तिखारा असा शिकवीत, जशी कुरआनची एखादी सूरह शिकवावी. याचा अर्थ, ज्याचे काम त्याने दोन रकात नमाज पढून स्वतः अल्लाहकडे मागावे. मौलानांकडे ठेका देण्याची ती गोष्ट नव्हे. शिवाय इस्तिखारा म्हणजे चौकशी टाळण्याची सोयही नव्हे. जे पायांनी चालून, डोळ्यांनी पाहून आणि चार माणसांना विचारून कळू शकते, ते आधी कळून घ्यावे. मग आम्ही दोघे मशिदीच्या ओट्यावर बसलो आणि अस्रपर्यंत बोलत राहिलो. त्या बोलण्यात आले आणि नंतर माझ्या मनात घोळत राहिले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहने आपल्या देणग्या मोजून दाखवताना घराचा उल्लेख केला आहे. घराला तिथे जो शब्द आला आहे त्यात शांत होण्याचा, स्थिर होण्याचा अर्थ आहे. म्हणजे भिंती आणि छप्पर हे साधन झाले. माणसाचा जीव जिथे निवतो ते घर. आता भिंती आपण विकत घेऊ शकतो, पण जीव निवणे हे पुष्कळदा भिंतीपलीकडच्या माणसांवर अवलंबून असते. घराआधी शेजारी पाहावा, असे एक वचन आपल्याकडे हदीस म्हणून सर्रास सांगितले जाते. हदीसशास्त्राच्या जाणकारांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे, म्हणून मी ते प्रेषितांच्या (स.) नावाने सांगत नाही. पण नसाईच्या संग्रहातली एक दुआ आहे. कायमच्या वस्तीच्या ठिकाणी वाईट शेजारी लाभण्यापासून प्रेषितांनी (स.) अल्लाहचा आश्रय मागण्यास शिकवले, आणि कारण असे दिले की रानातल्या मुक्कामाचा शेजारी आज ना उद्या तंबू उचलून निघून जातो. किती व्यवहाराचे बोलणे आहे हे! त्या गृहस्थांना मी म्हणालो की यातून निदान मला तरी एक सल्ला मिळतो. नव्या शहरात पाऊल ठेवताच जागा विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, तंबू ठोका, माणसे पाहा.

वस्ती पाहायला जायचे तर दलालाबरोबर दुपारी बाराला जाऊ नये. फजरच्या वेळी जावे, रात्री दहाला जावे, आणि नळाला पाणी येते त्या दिवशी तर आवर्जून जावे. पाण्याच्या दिवशी वस्तीचा स्वभाव लपत नाही. कोण मोटार लावून दुसऱ्याच्या वाट्याचे ओढतो, कोण म्हातारीचा हंडा आधी भरू देतो, भांडण झाले तर कोण मध्ये पडतो आणि कोण मोबाईल काढून चित्रण करतो, हे अर्ध्या तासात कळते.

पाण्यावरून आपल्या शहराची गोष्ट आठवते. हे शहर उभेच केले ते बाहेरून आलेल्या माणसाने. मलिक अंबर हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मले. गुलाम म्हणून विकले गेले, दख्खनमध्ये आले आणि निजामशाहीचे सर्वेसर्वा झाले. १६१० साली त्यांनी खडकी या खेड्याच्या जागी हे नगर वसवले. वसवले म्हणजे काय केले? माणसे राहायची तर आधी पाणी हवे, म्हणून उत्तरेच्या डोंगरांकडचे, आपल्या हर्सूलच्या बाजूचे जमिनीखालचे पाणी अडवून, भूमिगत नळांतून शहरात खेळवले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे त्यांच्या मुलाच्या काळात खडकीचे फत्तेनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली, पण बेगमपुरा, जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही पुऱ्यांची नावेच सांगतात की प्रत्येक काळात कोणी ना कोणी बाहेरून येऊन इथे तळ ठोकला. आज "बाहेरचे लोक फार वाढले" अशी तक्रार करणाऱ्याचा पणजोबाही कुठल्या तरी वेशीतून सामान घेऊनच आत आला होता. आणि पाणी? ते आता पैठणच्या जायकवाडी धरणाहून येते, आणि किती दिवसांआड येते ते सांगून मी आपला रोष ओढवून घेत नाही.

वस्ती, पाणी आणि शेजार यांचे नाते पाहायचे असेल तर बीबी हाजरा (अ.) यांच्याकडे पाहावे. ह. इब्राहीम (अ.) यांनी त्यांना आणि तान्ह्या ह. इस्माईल (अ.) यांना जिथे गवताची काडी उगवत नाही अशा खोऱ्यात ठेवले. झमझमचे पाणी उसळले. आकाशात घिरट्या घालणारा पक्षी पाहून जुरहुम टोळीच्या लोकांनी ओळखले की इथे पाणी असले पाहिजे. ते आले आणि त्यांनी एकट्या बाईकडे परवानगी मागितली, आम्ही तुमच्याजवळ उतरू का? बीबी हाजरा (अ.) यांनी होकार दिला, पण अट घातली की पाण्यावर तुमचा हक्क राहणार नाही. ते कबूल झाले. सहीह बुखारीतल्या या दीर्घ कथनात प्रेषितांचे (स.) एक वाक्य येते, त्याचा आशय असा की इस्माईलच्या आईला माणसांची सोबत हवीच होती. पाहा, मक्का हे नगर असे सुरू झाले. एका स्त्रीने आपला हक्क स्पष्ट शब्दांत राखला आणि अनोळखी माणसांना शेजारी करून घेतले. दोन्ही गोष्टी एका श्वासात. आपण एक तर हक्क सोडून देतो आणि मनात कुढतो, नाही तर हक्कापायी दारच लावून घेतो.

आता मशिदीच्या अंतराविषयी. नवे घर पाहणारा माणूस मला पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो विचारतो याचा मला आनंद आहे. पण त्या प्रश्नाचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही.

मदीनेत बनू सलिमा नावाचा अन्सारींचा एक कबिला होता. त्यांची घरे प्रेषितांच्या (स.) मशिदीपासून लांब होती. पुढे मशिदीजवळच्या काही जागा मोकळ्या झाल्या तेव्हा या लोकांनी ठरवले की आपण तिकडे राहायला जाऊ. यापेक्षा चांगला हेतू कोणता असू शकतो? पाच वेळा प्रेषितांच्या (स.) पाठीमागे नमाज मिळणार होती. वार्ता प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचली. त्यांनी विचारले, तुम्ही मशिदीजवळ येऊ पाहता हे खरे का? ते म्हणाले, होय. त्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना आपापल्या घरांतच राहा असे सांगितले आणि ते पुन्हा सांगितले, तुमची पावले लिहिली जात आहेत. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. सहीह बुखारीत ह. अनस (रजि.) यांच्या कथनात आणखी एक कारण येते: मदीनेची कड उघडी पडावी हे प्रेषितांना (स.) आवडले नाही.

मदरशात हा पाठ शिकलो तेव्हा माझे लक्ष पावलांच्या सवाबवरच खिळले होते. हर्सूलला इमामत करू लागल्यावर तो दुसरा शब्द मनात रुतला. शहराची कड उघडी पडू नये. शहराचे मध्य आणि शहराची कड अशी दोन्ही अंगे प्रेषितांच्या (स.) नजरेत होती. सगळी धार्मिक, कष्टाळू, चांगली माणसे मशिदीभोवतीच्या चार गल्ल्यांत दाटून बसली तर कडेला काय उरेल? आणि त्या चार गल्ल्यांचेही काय होईल? खोलीवर खोली, जिन्यावर चूल, मुलांना खेळायला जागा नाही, मय्यत निघाली तर डोला वळवता येत नाही. हे मी मदीनेचे सांगत नाही, आपल्या जुन्या शहराचे सांगतो आहे.

इथे स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मीही जुन्या शहरात एक खोली पाहून आलो होतो. मुलांची शाळा तिकडे, सासुरवाडी तिकडे, चांगली ग्रंथालये तिकडे. त्याच आठवड्यात दर्समध्ये बनू सलिमाचा प्रसंग आला आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. मी हर्सूल सोडले नाही. त्यात हदीसचा मान किती आणि तिकडचे भाडे परवडले नाही हे किती, ते अल्लाहच जाणतो.

ह. उबई बिन कअब (रजि.) एका अन्सारी माणसाविषयी सांगतात. त्याचे घर मशिदीपासून सर्वांत लांब होते, तरी त्याची एकही नमाज चुकत नसे. कोणी त्याला म्हणाले, अंधारात आणि उन्हात बसून यायला एक गाढव का घेत नाहीस? तो म्हणाला, माझे घर मशिदीला लागून असावे अशी माझी इच्छाच नाही. माझे जाणे आणि घरी परतणे दोन्ही लिहिले जावे असे मला वाटते. हे ऐकून प्रेषितांनी (स.) त्याला शुभवार्ता दिली की अल्लाहने ते सारे तुझ्यासाठी जमा केले आहे. मात्र एक खबरदारी. त्या माणसाने चालण्याचे कष्ट स्वतःच्या पायांसाठी निवडले होते. आपल्या सवाबसाठी बायकोला लांबून पाणी आणायला लावणे, मुलीला अंधारात बसथांब्यावर उभे करणे, म्हाताऱ्या आईला दवाखान्यापासून दूर नेणे, याला या हदीसचा आधार नाही. ज्यांच्या पायांवर ते अंतर पडणार आहे त्यांना आधी विचारा. त्या गृहस्थांना मी विचारले, मुलीने ही तिन्ही घरे पाहिली का? ते गप्प झाले.

मग त्यांनी हळूच खरी गोष्ट काढली. "मौलाना, आपल्या लोकांत राहिलेले बरे नाही का? उद्या काही कमी-जास्त झाले तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने दंगल पाहिली आहे त्याला एकोप्यावर व्याख्यान देणे सोपे नसते आणि शोभतही नाही. भीतीपोटी सुरक्षित जागी जाणे हा दुबळेपणा मानू नये. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा इसवी सन ६१५ च्या सुमारास प्रेषितांनी (स.) स्वतः काही साथीदारांना हबशाला पाठवले. सूरह निसामध्ये अल्लाहची धरती विस्तीर्ण असल्याची आठवण अशाच दबलेल्या माणसांच्या संदर्भात दिली आहे. पण लक्षात घ्या, ती सुरक्षित जागा कोणाच्या शेजारात होती? नज्जाशी हा ख्रिस्ती राजा होता, त्याची प्रजा ख्रिस्ती होती. ह. जाफर (रजि.) आणि त्यांचे सोबती तिथे वर्षानुवर्षे राहिले, त्यांची मुले तिथे जन्मली, हिजरी सन ७ मध्ये खैबरच्या वेळी ते मदीनेला आले. सुरक्षितता आपल्या संख्येत असते असे आपण धरून चालतो. त्यांना ती एका न्यायी परक्याच्या शब्दात मिळाली. कुठे कोण न्यायी आहे हे मात्र चौकशी केल्याशिवाय, चार वेळा गेल्या-आल्याशिवाय कळत नाही.

आणि नकाराचे दुःख? तेही मला ठाऊक आहे. एका वसाहतीत घर पाहण्यासाठी मी फोन केला होता. मराठीत बी.ए. केले आहे, बोलण्यात थोडी तरी पुस्तकी मराठी येतेच. मालकांनी मोठ्या आदराने बोलावले, नाव विचारायचे त्यांना सुचलेच नाही. दारात माझी दाढी-टोपी पाहिली आणि घर "कालच गेले" असे निघाले. त्यांना माझी भाषा चालली होती, मी चाललो नाही. जिना उतरताना मला राग आला, हे लपवत नाही. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

पण घरी येईपर्यंत दुसरे एक दार डोळ्यांपुढे उभे राहिले. आमच्याच जमातीतल्या एका घरमालकाने एका विधवा बहिणीला खोली नाकारली होती. पुरुषाशिवायचे घर, लोक बोलतील म्हणून. आपण भाडेकरूला काय काय विचारतो ते आठवून पाहा. बिरादरी कोणती? मसलक कोणते? पोरे किती? बाई कामाला जाते का? कुरेशी, बागवान, तांबोळी, पठाण असे मनातल्या मनात चाळण लावतो आणि मग जे उरेल त्याला घर देतो. आपल्या मोकळ्या खोलीसाठी दलित कुटुंब आले तर आपल्यापैकी किती जण किल्ली काढतात? परक्याच्या दारावरचा नकार आपल्या छातीत घुसतो आणि आपल्या दारावरचा नकार आपण सावधगिरी म्हणून खपवतो.

सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहची भक्ती, आई-वडील, नातलग, अनाथ आणि गोरगरीब यांच्यानंतर शेजाऱ्यांचा क्रम येतो, आणि तिथे नात्याचा शेजारी व परका शेजारी असे दोन्ही वेगळे सांगितले आहेत. परक्या शेजाऱ्यात दुसऱ्या धर्माचा शेजारी येतो, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा विचारले, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का? आणि त्यासोबत त्यांनी ती प्रसिद्ध हदीस सांगितली, की जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद देत राहिले की तो वारसदारच ठरतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले. आपल्या मिश्र गल्लीत आपण काय पाठवावे याचे तारतम्य हवे, हे उघड आहे. शाकाहारी शेजाऱ्याच्या दारात ईदुल-अजहाला गोश्तची थाळी नेणे म्हणजे हदीसवर अंमल नव्हे. शीरखुर्मा न्यावा, खजूर न्यावी, आणि कुर्बानीचे पाणी त्यांच्या दारावरून वाहू देऊ नये. नवरात्रात हर्सिद्धी मातेच्या मंदिराकडे रांगा लागतात तेव्हा आपल्या दुकानापुढची वाट मोकळी ठेवणे हाही शेजारधर्मच झाला.

हल्ली हर्सूलकडेही तीन-तीन, चार-चार मजली इमारती उठल्या आहेत आणि शेजाऱ्यांचे अर्धे तंटे गळतीचे असतात. वरच्याची मोरी खालच्याच्या छतातून टिपकते, मग बोलाचाली, मग पोलीस ठाणे. मदीनेत आल्यावर प्रेषित (स.) ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी ते खाली राहिले आणि यजमान पती-पत्नी वरच्या मजल्यावर. सीरतच्या ग्रंथांत येते की एकदा वर पाण्याचा घडा फुटला. खाली प्रेषितांच्या (स.) अंगावर थेंब पडेल या धास्तीने दोघांनी आपली एकुलती एक रजई त्या पाण्यावर टाकली आणि सारे पाणी टिपून घेतले. आपण म्हणू, ते प्रेषित (स.) होते म्हणून. बरोबर आहे. पण ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या श्रद्धेविषयी त्याच प्रेषितांनी (स.) तीनदा शपथ घेऊन काय म्हटले, ते आपण दर रमजानला ऐकतो. प्लंबर बोलावण्याचा खर्च रजईपेक्षा कमीच असतो.

आता "बॉण्ड"वरच्या त्या स्वस्त जागेविषयी थोडे कडक बोलावे लागेल. मशीद बांधण्यासाठी जी जमीन निवडली गेली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुले ती अर्पण करू म्हणत होती. प्रेषितांनी (स.) ती भेट म्हणून घेतली नाही, मोल देऊन घेतली. जिथे अल्लाहचे घर उभे राहणार होते तिथेही जमिनीचा व्यवहार चोख झाला. आणि आपण? शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून ठरलेले आहे. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीचा शिक्का मारून जमीन आपली होत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहतींना नियमित होण्याची वाट दिली, पण ती अटींची वाट आहे. शुल्क भरावे लागते, रस्त्यासाठी जागा सोडावी लागते, आणि हिरव्या पट्ट्यातली वा आरक्षणाची जागा असेल तर "पुढे होईल" म्हणणारा दलाल तेव्हा फोन उचलत नाही. उधारीचा साधा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे. ती तिलावत करणारी माणसे आयुष्यभराची कमाई एका चिठोऱ्यावर सोपवतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

सातबारा पाहताना आणखी एक गोष्ट पाहा, जी वकीलही पुष्कळदा कायद्यापुरतीच पाहतो. विकणाऱ्याच्या बहिणी कुठे आहेत? त्यांची नावे उताऱ्यावर आहेत का, त्यांना वाटा मिळाला का, की "त्यांनी माफ केले" या भावाच्या शब्दावर सारे चालले आहे? वितभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात धरतींचा फास पडेल, ही हदीस आपण शत्रूला ऐकवतो. बहिणींचा वाटा गिळलेल्या जागेवर जाणूनबुजून घर बांधणाराही स्वतःला त्यातून वगळू शकत नाही. त्या गृहस्थांनी पाहिलेल्या गुंठ्याच्या बाबतीत हे विचारल्यावर दलालाचे उत्तर आले, "तुम्हाला काय करायचे?" तिथेच तो व्यवहार संपला.

भाड्याऐवजी मोठी अनामत देऊन विनाभाडे राहण्याची जी पद्धत काही शहरांत रूढ आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगतो की आपल्या फिकहच्या जाणकारांनी तिला कर्जावर घेतलेला लाभ मानले आहे, आणि तो व्याजाच्या वळणाचा आहे. अनामत बेताची ठेवा, भाडे रीतसर द्या.

आणि घर विकणाऱ्यासाठी ह. अबू राफे (रजि.) यांचा प्रसंग. ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरचा माणूस पाचशे दीनार देत होता. शेजारी असलेल्या ह. साद (रजि.) यांनी देऊ केलेली रक्कम कमी होती, तीही हप्त्यांनी. तरी अबू राफे (रजि.) यांनी खोल्या शेजाऱ्यालाच दिल्या, कारण जवळीकीमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. हनफी फिकहमध्ये शेजाऱ्याचा शुफआ, म्हणजे प्रथम खरेदीचा हक्क, मानला आहे. आपण मात्र घर विकले हे शेजाऱ्याला टेम्पो आल्यावर कळते.

नव्या जागी गेल्यावर मन लागत नाही, विशेषतः स्त्रियांचे. पुरुष कामावर जातो, मुले शाळेत जातात आणि ती चार भिंतींत गावाकडचा अंगणातला लिंब आठवत बसते. यात नाशुक्री नाही. मदीनेत आल्यावर ह. अबू बकर (रजि.) आणि ह. बिलाल (रजि.) तापाने फणफणले तेव्हा त्यांना मक्केची आठवण येत होती, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही. मदीना आम्हाला मक्केइतकीच किंवा त्याहून प्रिय कर, अशी दुआ केली. ही दुआ नव्या बिऱ्हाडात अवश्य मागावी. पण सूरह हश्रच्या नवव्या आयतीत अन्सारींची जी प्रशंसा आली आहे ती आधीपासून वस्ती करून राहिलेल्यांसाठी आहे. ते येणाऱ्यावर प्रेम करतात, आपल्याला अडचण असूनही त्याला पुढे करतात. म्हणून या जूनमध्ये माझे अर्धे सांगणे टेम्पोतून उतरणाऱ्याला असले तरी अर्धे गॅलरीतून बघत उभे राहणाऱ्याला आहे. कुटुंब किती, कुठले, जात काय, याची कुजबूज करण्याआधी खाली उतरून कपाटाला एक हात लावावा. पाणी कधी येते, दूध कुठे मिळते, दवाखाना कुठला बरा, कॉलेजची बस कुठे थांबते, हे सांगायला पैसे पडत नाहीत.

ते भोकरदनचे गृहस्थ आठवड्याने मुलीला आणि तिच्या आईला घेऊन पुन्हा आले. तिघांनी मिळून त्या कॉलनीतले घर दोनदा पाहिले होते, एकदा फजरला आणि एकदा रात्री. मुलीने बस पाहिली, आईने मोरी पाहिली. दोन रकात नमाज पढून त्यांनी अकरा महिन्यांचा करार केला. सामान आले तो नेमका पाण्याचा दिवस निघाला. यांच्या टाकीची तोटी गंजलेली होती. शेजारच्या वहिनींनी काही न विचारता आपली नळी भिंतीवरून पलीकडे टाकली, आणि त्यांच्या घरातले हंडेही भरायला धाडले. जुमाला भेटले तेव्हा ते सांगत होते की दोन घरांची भांडी अशी मिसळली आहेत की कोणता हंडा कोणाचा, याचा अजून निकाल लागायचा आहे.